२३ दिवसांची लाट

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

समाजमाध्यमांवरच्या संतापावरचा तुझा प्रबंध दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकाने, एका बैठकीत. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, चार दिवस. फोन मुद्दाम केला नाही. सांगायचं आहे ते आकड्यांसकट सांगायला हवं, आणि फोनवर तू "हो, कळलं गं" म्हणून मोकळी होतेस. म्हणून हे पत्र.

आधी पाचव्या प्रकरणाबद्दल, कारण तिथे मी पेन्सिल खाली ठेवली. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, शब्द (दुसऱ्याने सांगितलेलं) हेही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, मानतात, पण सांगणारा आप्त असेल तरच. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट खरोखर ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. तू विचारतेस: पोस्ट नुसती पुढे ढकलणारा माणूस मुळात काही 'सांगतो' का? सांगत नसेल, तर त्याला खोटारडा तरी कसं म्हणायचं? २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला तो मोठा अभ्यास तू बरोबर जागी आणला आहेस. ट्विटरवरच्या सव्वा लाखांवर बातम्या, सुमारे ३० लाख माणसं, २००६ ते २०१७ असा काळ. खऱ्या बातमीला १,५०० लोकांपर्यंत पोचायला खोटीच्या सहापट वेळ लागला, आणि यंत्रचलित खाती वगळली तरी निष्कर्ष तोच राहिला. हे करतात माणसंच. पण का करतात आणि करताना स्वतःला काय समजतात, हे मोजणीतून निघत नाही. तिथे तुझा प्रश्न सुरू होतो. आजोबा असते तर त्यांनी तुला समोर बसवून तासभर उलटतपासणी घेतली असती. त्यांना फार आनंद झाला असता.

आता तिसरं प्रकरण.

सुरुवातीलाच तू लिहिलंस, 'समाजमाध्यमांवरचा संताप अनुनादाच्या नियमाने वाढतो.' मी तिथे अडले. आयुष्यभर यंत्रांची कंपनं मोजत आले, त्यामुळे हा शब्द माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि तो कुठेही वापरलेला मला सोसत नाही. अनुनाद, म्हणजे आमचा रेझोनन्स, म्हणायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: वस्तूची स्वतःची एक ठरलेली फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती हेलकावे) आहे, बाहेरून बसणारे ठोके नेमके त्याच तालाचे आहेत, आणि डॅम्पिंग, म्हणजे हेलकावा विझवणारा अडथळा, इतकं कमी आहे की दर ठोक्याला हेलकावा वाढत जातो. जनसमूहाची स्वतःची फ्रिक्वेन्सी कोणती? ती तू कशी मोजलीस? प्रकरणात मला ती सापडली नाही.

अमेरिकेतला टॅकोमा नॅरोजचा पूल तुला आठवत असेल, लहानपणी आपण ती चित्रफीत किती वेळा पाहिली! १ जुलै १९४० ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला कोसळला. वारा होता ताशी साधारण ६५ किलोमीटरचा. कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत तो रेझोनन्सचं उदाहरण म्हणून छापला जात होता. १९९१ मध्ये बिलाह आणि स्कॅनलन या संशोधकांनी पुस्तकांतली ही चूक सविस्तर दाखवून दिली. त्या दिवशी वाऱ्यात पुलाच्या पिळण्याशी जुळणारा ताल नव्हताच. पूल पिळायला लागला, त्या पिळण्यामुळे वाऱ्याचा दाब बदलायला लागला, आणि बदललेल्या दाबाने पिळणं आणखी वाढवलं. एकसारख्या वाहत्या वाऱ्यातून पुलाने स्वतःच ताकद ओढून घेतली. हा फरक शब्दांचा कीस काढण्यासाठी नाही. रेझोनन्स असेल तर ठोक्याचा ताल बदलला की काम होतं. इथे ताल बदलून काही झालं नसतं, पुलाचा आकारच बदलावा लागला असता. तुझ्या संतापाला बाहेरून कुणी ठोके देतंय, की तो आपल्याच हालचालीने वाढतोय? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि तुझ्या एका शब्दाने ते एकच करून टाकले.

शब्द उसना घेऊ नकोस. आमची रीत उसनी घे, ती खुशाल घे. एखादी वस्तू कशी आहे हे कळायला आम्ही तिला हातोडीचा एक ठोका मारतो आणि ती शांत कशी होते ते पाहतो. ठोक्यापेक्षा त्यानंतरच्या विझण्यात जास्त माहिती असते. २००८ मध्ये क्रेन आणि सोर्नेत या संशोधकांनी यूट्यूबच्या सुमारे ५० लाख व्हिडिओंवर हेच केलं: उसळी आल्यानंतर प्रेक्षकसंख्या कशी ओसरते ते पाहिलं. बाहेरच्या एकाच धक्क्याने आलेली उसळी एका तऱ्हेने ओसरते, आतल्या आत माणसामाणसांतून वाढत गेलेली दुसऱ्या तऱ्हेने. शिवाय साध्या यंत्राचं कंपन दर हेलकाव्याला ठरावीक प्रमाणात घटत लवकर संपतं, तर माणसांचं लक्ष लांब शेपूट ठेवून रेंगाळतं. तुझ्या प्रकरणात भडका कसा उडतो यावर चाळीस पानं आहेत आणि तो विझतो कसा यावर दीड. तिथे भर घाल.

एक मात्र मला कधीच शिकावं लागलं नाही आणि तुला सांभाळावं लागेल. मी पंपाला ठोका मारताना त्याची परवानगी घेत नाही. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकवरच्या ६,८९,००३ लोकांच्या समोर येणाऱ्या मजकुराचा भावनिक कल आठवडाभर बदलून पाहिला गेला, त्यांना पत्ता नसताना. २०१४ मध्ये ते छापून आलं तेव्हा केवढं वादळ उठलं. तू आपणहून पडलेल्या ठोक्यांवरच काम करायचं ठरवलंस, हे मला मनापासून पटलं.

आता जे सांगायला मला चार दिवस लागले ते. आकृती ३.७. तुझी २३ दिवसांची लाट.

ज्या विषयांवरच्या पोस्ट तू मोजल्यास, त्या सगळ्यांत तीच लाट, तोच आकार: पटकन चढणारी, सावकाश उतरणारी. 'सामूहिक संताप चटकन भडकतो आणि हळूहळू निवतो' असा अर्थ तू लावलास, आणि त्यावर चौथं प्रकरण उभं केलंस. वाचताना मला ते इतकं पटलं की मी पुढे गेले. रात्री मात्र झोप लागेना, आणि उठून परिशिष्ट उघडलं. तिथे तू प्रामाणिकपणे लिहिलं आहेस की यादीतल्या प्रत्येक विषयाची पाळी दर २३ तासांनी येते, आणि त्या क्षणी मागच्या एका तासातल्या पोस्ट मोजल्या जातात.

बाळा, माणसं रोज झोपतात. पोस्टचा आकडा रोज सकाळी हळूहळू चढतो, रात्री उंच जातो आणि मध्यरात्रीनंतर झपकन खाली येतो. हा २४ तासांचा फेरा. तू तो २३ तासांनी पाहतेस, म्हणजे दर खेपेला घड्याळात एक तास अलीकडे. आज रात्री दहाचा आकडा, उद्या नऊचा, परवा आठचा. अशा २४ नोंदी झाल्या की एक दिवस पुरा होतो. २४ नोंदी गुणिले २३ तास म्हणजे ५५२ तास, म्हणजे बरोबर २३ दिवस. आणि प्रत्येक नोंद मागे सरकत असल्यामुळे दिवस उलटा उमटतो: झपकन पडणारी मध्यरात्र झपकन चढणारी होते, सावकाश चढणारी सकाळ सावकाश उतरणारी. चित्रपटात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, तसंच. तुझ्या आकृतीत लोकांच्या संतापाची लाट असेलच असं नाही. उलटा चाललेला एक साधा दिवस असू शकतो.

'असू शकतो' म्हणते, कारण खरोखरच २३ दिवसांची लाट असती तरी तुझ्या नोंदी हुबेहूब अशाच दिसल्या असत्या. हाती असलेल्या आकड्यांतून हे सुटणार नाही, कितीही चांगलं गणित लाव. आम्ही याला एलिआसिंग म्हणतो. म्हणूनच सिग्नल आकड्यांत उतरण्याआधी आमच्याकडे जलद चढउतार गाळणारा फिल्टर लावलेला असतो. एकदा घडी पडली की मागाहून ती उलगडत नाही.

हे वाचून तुझ्या पोटात काय होईल ते मला माहीत आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका मोठ्या ब्लोअरचं बेअरिंग गेलं म्हणून लेखी अहवाल दिला. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन ते दाखवणाऱ्या आलेखात, वरच्या फ्रिक्वेन्सीला चांगलं टेकाड दिसत होतं. यंत्र बंद झालं, रात्रभर खोलाखोली झाली. पहाटे फिटरने ते बेअरिंग पुसून तळहातावर घेतलं, एका बोटाने फिरवलं आणि काही न बोलता माझ्यापुढे धरलं. लोण्यासारखं फिरत होतं. गोळ्यांवर एक ओरखडा नव्हता. यंत्र पुन्हा जोडून सुरू केलं तर टेकाड जिथल्या तिथे. मग त्यानेच विचारलं, "बाई, वेग कमी करून बघितलंत का?" केला. बेअरिंगच्या दोषाचे ठोके वेगाबरोबर जवळ-लांब होतात. हे टेकाड तसूभरही हललं नाही. सेन्सरचं चुंबक काढलं तर खाली रंगाचे जाड थर, पोपडे सुटलेले. कानशीने घासून पत्रा उघडा केला, चुंबक पुन्हा बसवलं, आणि टेकाड नाहीसं झालं. मी यंत्राचं नव्हे, माझ्याच सेन्सरच्या बसवणीचं कंपन मोजत होते. त्या दिवसापासून अनोळखी काही दिसलं की मी आधी विचारते: हे यंत्राचं की बसवणीचं?

आजोबांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, ही तर उपाधी. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं, पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. धुराला ओलं सरपण लागतं. जी अट नजरेआड राहते आणि संबंध मात्र पक्का वाटायला लावते, ती उपाधी. माझ्या टेकाडाचं ओलं सरपण रंगाचे पोपडे होते. तुझ्या लाटेचं, मला वाटतं, २३ हा आकडा. आणि तो काढला तरी मंचाचा अल्गोरिदम उरतोच, कुणाला काय दिसावं हे ठरवणारा. तुझा सेन्सर कायमच त्या रंगावर बसलेला आहे. मंचाने नियम बदलला की तिथे नीट बघ. नोव्हेंबर २०१७ मध्ये ट्विटरने १४० अक्षरांची मर्यादा २८० केली, तो तुझ्यासाठी फुकटात मिळालेला वेगबदल आहे.

समितीने विचारलं ना, 'हे काम नक्की कुठल्या विभागाचं?' तू गप्प राहिलीस म्हणालीस. फ्रेंच गणिती सोफी जर्मेनबद्दल वाच. वाळू पसरलेल्या पत्र्यावर कंपनाने ज्या आकृत्या उमटतात, त्यांचं गणित मांडायला पॅरिसच्या अकादमीने बक्षीस लावलं होतं. १८११ मध्ये प्रबंध पाठवणारी ती एकटीच होती आणि त्यात चूक निघाली. तिने पुन्हा पाठवला, मग तिसऱ्यांदा. १८१६ मध्ये बक्षीस मिळालं, तरी कडांच्या अटींमधली उणीव पुढे भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफने १८५० मध्ये दूर केली. गणितातल्या संख्या-सिद्धांतातही तिचं मोठं काम आहे, आणि ती गेल्यावर विज्ञान व साहित्य यांच्या स्वरूपावरचा तिचा तात्त्विक निबंध छापला गेला. तिला कोणत्याच विभागाने दारात उभं केलं नव्हतं. समितीला हेच सांग असं मी म्हणत नाही. पण गप्प राहू नकोस. 'माझा विषय मोजणी आहे. मोजलेलं खरं कधी मानायचं हा यंत्रशास्त्र, समाजशास्त्र आणि तत्त्वज्ञान या तिन्हीकडचा एकच प्रश्न आहे,' एवढं तुला सहज म्हणता येईल. पाचव्या प्रकरणात तू ते म्हटलंच आहेस, फक्त इतक्या थेट नाही.

आता काम. यादीतले विषय एक तृतीयांश कर, म्हणजे पाळी साधारण पावणेआठ तासांनी येईल. रोजचा चढउतार असेल तर आठवडाभरात तो उघड दिसेल. २३ दिवसांची लाट खरी असेल तर तीही राहील, पण तिच्यासाठी दोन महिने धीर धरावा लागेल. तोवर चौथ्या प्रकरणाला हात लावू नकोस, फाडूही नकोस. आणि तुझ्या मार्गदर्शकांना हे तू स्वतः सांग, उद्याच. आकृती ३.७ पुढच्या महिन्यात परिषदेत जायची आहे, ती थांबवायला अजून वेळ आहे.

मूळ नोंदींची फाइल मला पाठव, सरासरी काढलेली नको. मी आज उशिरापर्यंत जागी आहे.

तुझी,
आई