बाबा, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी जायचं नाही

हॅमिल्टन, कॅनडा
ऑक्टोबर

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर आई मला अंगणातली शेवंती दाखवत होती, तेव्हा मागे आपली मारुती 800 दिसली. पुढचं तोंड जॅकवर उचललेलं, एका बाजूला दोन विटा आणि एक सिमेंटचा ब्लॉक, खालून अमेयचे पाय बाहेर आलेले आणि तुम्ही टॉर्च धरून शेजारी उभे. मी आईला म्हटलं, आधी त्याला बाहेर काढ, मग शेवंती बघू. अमेयला माझा राग आला असणार. येऊ दे. फोनवर मी काही सांगायला लागले की तुम्ही "हो हो, बघतो" म्हणता आणि विषय आईच्या गुडघ्यावर नेता, म्हणून हे सगळं लिहून पाठवते आहे. हा कागद घेऊन तुम्ही सुताराकडे गेलात तर मला फार बरं वाटेल.

गाडी घरी दुरुस्त करू नका, असं मी म्हणत नाहीये. उभी हयात टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला मी ते कोणत्या तोंडाने सांगणार? 800 चं उत्पादन 2014 च्या जानेवारीत थांबलं, तिचा सायलेन्सर मायेने बसवून देणारे मेस्त्री आता शोधावे लागतात, हेही कळतं. माझं म्हणणं एवढंच की माणसाचं अंग गाडीखाली असताना गाडी एकाच गोष्टीच्या आधारावर असता कामा नये. आणि त्या आधारांत जॅक तर धरायचाच नाही.

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये सगळा भार तेलाच्या दाबावर, म्हणजे शेवटी एका छोट्या सीलवर असतो. ती सील गेली की जॅक बसतो. गाडीसोबत येणारा स्क्रूचा जॅक तेल गाळत नाही, पण त्याचं बूड तळहाताएवढं असतं. गाडी जरा पुढेमागे झाली की तो तिरका होतो. स्टेपनी बदलायला तो ठीक आहे, कारण तेव्हा आपण गाडीच्या बाहेर असतो.

विटांचं तर त्याहून वाईट. वीट भिंतीत कितीही मजबूत असली तरी तिथे भार तिच्या सगळ्या अंगावर सारखा येतो. गाडीची एक कड, एक बोल्ट किंवा खालचा एखादा खडा तिच्यावर एका ठिकाणी टेकला की ती आधी काहीही न सांगता फुटते. पोकळ सिमेंट ब्लॉकही तसाच, आणि हल्लीचे ते हलके पांढरे ब्लॉक तर कोपऱ्यावर नखानेही खरवडतात. लाकडाचं तसं नसतं. लाकूड आधी दबतं, करकरतं, चीर दाखवतं. आपल्याला बाहेर सरकायला वेळ देतं.

इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे गाड्या खालून गंजतात, आणि मजुरी एवढी महाग की पुष्कळ लोक स्वतःच गाडीखाली शिरतात. माझ्या शेजारच्या आजोबांनी गाडीची पुढची चाकं वर चढवायला लाकडी रॅम्प घरी बनवलेत. मी ते परवा मुद्दाम उलटेपालटे करून पाहिले. दीड इंच जाड फळ्या एकावर एक, खालची सगळ्यांत लांब, वरची सगळ्यांत आखूड, मागची टोकं एका रेषेत आणि पुढे पायऱ्या. प्रत्येक पायरीची कड तिरकी तासलेली. वरच्या फळीवर शेवटी एक आडवा जाड ठोकळा, चाक पुढे पडू नये म्हणून. तळाला जुन्या रबरी मॅटचा तुकडा. मधे कुठेही पोकळी नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. चाकाचा भार फळीतून फळीत, सरळ खाली जमिनीत जातो. कुठलीही फळी दोन टेकूंवर पुलासारखी अधांतरी नाही, त्यामुळे ती वाकून मोडण्याचा प्रश्नच येत नाही.

तुम्हाला आकडे लागतात, म्हणून हिशोब देते. 800 चं वजन साधारण 650 किलो. इंजिन पुढे असल्याने त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास पुढच्या दोन चाकांवर, म्हणजे एका चाकावर दोनशे किलो धरा. टायर लाकडावर जो दाब देतो तो साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतकाच असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 2 किलोच्या आत. इथलं बांधकामाचं साधं पाइन-स्प्रूसचं लाकूडसुद्धा तंतूंच्या रेषांना आडवा भार चौरस सेंटिमीटरला 30 किलोपर्यंत घेतं असं धरून बांधकाम करतात. साग तर त्याहून कणखर. म्हणजे भाराखाली लाकूड चिरडेल ही भीती काढून टाका. रॅम्पचा घात तीनच प्रकारे होतो: तो सरकतो, कलंडतो किंवा उभा चिरतो. पुढचं सगळं त्या तिन्हींसाठी आहे.

लाकूड कुठलं घ्यायचं? पंचवटीत आणि जुन्या नाशकात वाडे उतरवतात, त्यांचं सागाचं लाकूड मिळालं तर उत्तम. पण तुळई आयती मिळाली म्हणून तिचाच एक तिरका ओंडका कापून रॅम्प करू नका. जुन्या तुळईत गाभ्यापासून चिरा गेलेल्या असतात आणि एकसंध ओंडक्यात चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. फळ्या एकावर एक असतील तर एका फळीतली चीर तिथेच अडते. तुळईच्या दीड इंची फळ्या कापून घ्या, मोडके खिळे आधी उपटा (नाहीतर वखारवाला करवतीला हातही लावू देणार नाही) आणि टोचणीने टोचून बघा. पिठासारखा भुगा पडला तर ते लाकूड बंबात. अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून मशिनरीच्या खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं, पण त्या फळ्या पातळ, गाठींच्या आणि खिळ्यांनी भोकं पडलेल्या असतात. खुराड्याला चालतील, याला नकोत. वखारीतून नवी बाभूळ किंवा साग घेतलात तर वाळलेलाच घ्या. ओलं लाकूड वाळताना पिळतं आणि थर सुटतात.

माप असं: रुंदी 10 इंच, जाडी दीड इंच. एका रॅम्पला चार फळ्या, 48, 38, 28 आणि 18 इंचांच्या. उंची 6 इंच होते. जास्तीचा मोह नको, उंची वाढली की कलंडणंही वाढतं. दोन रॅम्पना मिळून 22 फूट फळी लागेल. पुढचे ठोकळे आणि मागच्या चाकांच्या पाचरी धरून 26 फूट आणा. आपल्या गाडीचा टायर 145 मिलिमीटर रुंद, फळी 254, म्हणजे दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर मोकळे राहतात. त्याहून अरुंद फळी वखारवाल्याने कितीही गळ्यात मारली तरी घेऊ नका.

थर जोडायला खिळे नकोत. गाडी चढता-उतरताना खिळे हळूहळू सैल होतात. अडीच इंची स्क्रू घ्या म्हणजे वरची फळी ओलांडून खालच्या फळीत इंचभर जातात. सागाला आधी ड्रिलने भोक पाडा, कडेपासून दीड इंच आत, आणि खालच्या थराच्या स्क्रूवर वरच्या थराचा स्क्रू येणार नाही असे मागेपुढे लावा. स्क्रूची डोकी लाकडात बुडाली पाहिजेत. थरांमध्ये पाण्यात न सुटणारा गोंद भरपूर लावा आणि दोन दिवस वजनाखाली ठेवा. वरच्या बाजूला रंग नको, गुळगुळीत होतो. तेल मुरवलं तरी फक्त बाजूंना आणि तळाला. पावसाळ्यात रॅम्प मातीवर ठेवू नका, आपल्याकडे वाळवी किती लवकर लागते ते तुम्ही मला सांगायला हवं असं नाही.

आता गाडी चढवायची. अंगणाची फरशी पावसाचं पाणी जावं म्हणून फाटकाकडे उतरती आहे. तिथे हे काम करायचं नाही. पार्किंगच्या आतला भाग सपाट आहे, तिथे. बाहेरच्या काळ्या मातीवर तर अजिबात नाही, एका बाजूचा रॅम्प रुतला की गाडी तिरकी झालीच. 800 ला पुढची चाकं ओढतात. रॅम्पवर चाक घसरून फिरलं तर ते रॅम्पलाच मागे भिरकावतं. म्हणून तळाला रबर हवंच, दोन्ही रॅम्प चाकांच्या अगदी सरळ रेषेत हवेत आणि गाडी हाफ क्लचवर इंच-इंच चढवायची. अमेयला सांगा, रेस देऊन झटका नाही. आणि बाबा, तुम्ही समोर उभं राहून "ये, ये, ये" करता ते बंद. बाजूला उभे राहा, गाडीच्या वाटेत कुणीच नको.

गाडी ठोकळ्याला टेकली की पहिला गिअर, हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली अमेयच्या खिशात. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. पुढची चाकं रॅम्पवर असताना मागची जमिनीवर असतात, म्हणून तो कामाचा. मागचं टोक उचललंत तर तोच हँडब्रेक हवेतली चाकं धरून ठेवतो आणि गाडी सुटायला मोकळी होते. गिअरचंही असंच आहे. जॅकने पुढचं एकच चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, ते हवेतलं चाक फिरू शकतं, आणि गिअर टाकलेला असूनही जमिनीवरचं चाक अडत नाही. कसारा घाटात बंद पडलेल्या ट्रकचा क्लीनर सगळ्यांत आधी चाकामागे दगड टाकतो. तेच इथे करायचं, फक्त दगडाऐवजी लाकडी पाचर, मागच्या दोन्ही चाकांच्या मागे, हातोडीने ठोकून घट्ट.

यानंतर दुसरा आधार. दोन लोखंडी जॅक-स्टँड, म्हणजे दात्यांवर उंची अडकवायचे टेकू, आणा आणि पुढच्या मजबूत आडव्या भागाखाली अगदी टेकतील असे लावा. भार रॅम्पवरच राहू दे, स्टँड नुसते पहारा देतील. पण स्टँड आणले म्हणून निर्धास्त होऊ नका. 2020 मध्ये अमेरिकेत विकलेले लाखो जॅक-स्टँड परत मागवावे लागले, कारण दात नीट न धरल्याने ते अचानक खाली बसू शकत होते. कारखान्यात बनलेल्या, वर वजनाचा आकडा छापलेल्या वस्तूची ही गत, म्हणून एकाच्या जोडीला दुसरा. तिसरा आधार फुकटचा आहे: डिकीतली स्टेपनी काढून दाराच्या खालच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. सगळं हुकलं तरी गाडी तिच्यावर टेकेल आणि खालच्या माणसाला श्वासापुरती जागा राहील.

आत जाण्याआधी दोघांनी मिळून गाडी बाजूने जोरात ढकलून बघा. काही हललं, करकरलं, तर खाली उतरवून पुन्हा मांडा. जे व्हायचं ते सगळे बाहेर असताना होऊ दे. सायलेन्सरचे गंजलेले नट गाडीखाली पाय रोवून हिसक्याने ओढू नका. गाडी पडते ती बहुतेक वेळा अशाच आडव्या झटक्याने. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी लांब पाना लावून सावकाश. डोळ्यांवर गॉगल पाहिजे, गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यात पडतात. सायलेन्सर गार झाल्याशिवाय हात नाही, आणि कुणी खाली असताना इंजिन चालू करायचं नाही. बंद पार्किंगमध्ये धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासानेही कळत नाही. एक जण खाली असेल तर दुसरा बाहेरच थांबेल, दूध आणायलाही जाणार नाही.

रॅम्प झाले की गल्लीत बातमी पसरणार, आणि कोपऱ्यावरचे काका बोलेरो घेऊन येणार. बोलेरो आपल्या नाशिकच्याच कारखान्यात बनते म्हणून तिचा लळा असला तरी नाही म्हणा. ती सोळाशे किलोंच्या पुढची, टायर 215 मिलिमीटर, तुमच्या फळीवर जेमतेम दोन-दोन सेंटिमीटर उरतात. शिवाय तिला मागची चाकं ढकलतात, त्यामुळे चढताना रॅम्प पुढे सरकत जातो. आणि ब्रेकचं काम रॅम्पवर होत नाही, त्यासाठी चाक काढावं लागतं. ते मेस्त्रीलाच करू द्या.

हा खर्च मी करणार आहे, त्यावर वाद नको. लाकूड, सुतार आणि दोन चांगले स्टँड मिळून काय होतं ते अमेयला मेसेज करायला सांगा. रॅम्प तयार होईपर्यंत सायलेन्सर वाजू दे, गल्लीला तसंही त्याची सवय झालीय. आईला सांगा, गुडघ्याचा एक्स-रे काढला की मला फोटो पाठवायचा. अमेयला रागावू नका, ते काम माझं झालं आहे.

तुमची,
मनू

ता. क. सुताराला पायऱ्यांच्या कडा 45 अंशांत तासायला सांगा. तो "कशाला, चढेल तशीच" म्हणेल. काटकोनी कड ठेवली तर चाक प्रत्येक पायरीला अडेल, अमेय रेस देईल आणि मग टाळायचं होतं तेच होईल. आणि फळ्या कापून झाल्या की स्क्रू मारायच्या आधी मला फोटो पाठवा.