माइक बोटभर सरकवणाऱ्या हातांना

सप्रेम नमस्कार,

स्पीकरसमोरचा माइक बोटभर सरकवत तुम्ही प्रत्येक जागेचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकर आणि माइकच्या आवाजाचा डिजिटल ठसा) घेतलात, फायली मोफत दिल्यात आणि प्रत्येकीच्या नावातच स्पीकर, माइक, कोनच्या (स्पीकरच्या शंकूसारख्या पडद्याच्या) मध्यापासूनचं आणि पुढच्या जाळीपासूनचं अंतर लिहिलंत. या नावांचे मॉडेलरवर, म्हणजे गिटार अँप आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्रावर, वाजवणाऱ्यांवर मोठे उपकार आहेत, म्हणून हे जाहीर आभारपत्र.

टोन खोटा वाटला की हात आधी अँपच्या मॉडेलकडे जातो. दहा अँप बदलले तरी चरचर तशीच राहते, कारण दोष बहुतेक वेळा कॅबचा, म्हणजे स्पीकरच्या पेटीचा असतो. १२ इंची गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने कमी करतो आणि डिस्टॉर्शनची कर्कश टोकं तिथेच बोथट होतात. मॉडेलरमध्ये हे काम आयआर करतो. तुमच्या फायली ओळीने ऐकल्या की कळतं: तोच एसएम५७ माइक डस्ट कॅपच्या (कोनच्या मधल्या टोपीच्या) मध्यावर टोचतो, कॅपच्या कडेशी नेमका बसतो, आणखी बाहेर नेला की मऊ होत जातो. जाळीला चिकटवला की खालचा घुमा वाढतो. ट्रेबलचा नॉब हा फरक भरून काढू शकत नाही. आधी माइकची जागा निवडायची, मग १०० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचा आवाज कापणारा) आणि ७ किलोहर्ट्झच्या आसपास हाय कट (त्यावरचा कापणारा) लावायचा, आणि ईक्यूला, म्हणजे सुरांच्या पट्ट्यांची पातळी कमी-जास्त करण्याला, सगळ्यात शेवटी हात लावायचा. हा क्रम तुमच्यामुळे अंगवळणी पडला.

दोन माइकचे आयआर वेगवेगळे, पण सुरुवात जुळवून दिलेत, हे तर फारच मोलाचं. दोन माइकच्या अंतरात ३.४ सेंटीमीटरचा फरक असला तरी एक आवाज ०.१ मिलिसेकंद मागे पडतो, आणि दोन्ही सारख्या पातळीवर मिसळले की ५ किलोहर्ट्झलाच खड्डा पडतो. टोन पोकळ होतो आणि दोष मात्र गिटारच्या पिकअपवर जातो.

फायली ४८ किलोहर्ट्झच्या आहेत हे ठळक लिहिलंत, तेही बरं केलंत. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ वर चालवली, तर कॅबचे सगळे अनुनाद सुमारे ९ टक्के वर सरकतात आणि आवाज पातळ होतो. मोठ्या आवाजात ताणलेल्या स्पीकरचं वागणं आयआरमध्ये येत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. असा प्रामाणिकपणा आम्हाला फार भावतो.

बाकीच्या सूचनाही रोज कामी येतात. गिटार १ मेगाओहमच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटलाच लावायची, लाइन इनपुटला ती मंद होते. पॉवर अँप आणि खरा गिटार कॅब जोडला की आयआर बंद करायचा, नाहीतर कॅबवर कॅब चढून आवाज गढूळ होतो. प्रीसेट ज्या आवाजात वाजवायचा त्याच आवाजात बनवायचा, कारण हळू आवाजात कानाला खर्जाचे आणि टिपेचे सूर कमी ऐकू येतात. ते भरून काढायला वाढवलेले बास-ट्रेबल मंचावर अंगावर येतात.

पुढच्या संचात मागून उघड्या कॅबचे आयआर याच पद्धतीने नावं देऊन मिळाले, तर क्लीन टोनवाले तुमचे ऋणी राहतील.

आपले,
मॉडेलरवर वाजवणारे काही गिटारवादक