हृदय बंद पडलं, पण कशामुळे?

मा. संपादक,

माणूस नेमका कशाने गेला हे सरकारदरबारी कोण लिहितं, घरात मयत झाल्याशिवाय याची चौकशी कोणी करत नाही. बऱ्याच जणांना वाटतं मृत्यू दाखल्यावर कारण असतं. तिथे नसतंच, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानेच ते दाखल्यावर टाकायला मनाई आहे. कारण असतं ते डॉक्टरने भरलेल्या नमुना ४ मध्ये, आणि घरी मृत्यू झाला तर ४-अ मध्ये.

गेल्या वर्षी मामा गेले तेव्हा हा फॉर्म नीट वाचला. पहिल्या ओळीत शेवटचं कारण, त्याखाली ते कशामुळे झालं, त्याच्याही खाली ते कशामुळे, असं करत तळाला मूळ आजार यायला हवा, समोर तो किती दिवसांपासून होता तेही. आकडेवारीत धरायचा असतो तो हाच तळाचा आजार. मामांना कित्येक वर्षांची शुगर, त्यातून किडन्या गेल्या, डायलिसिस चालू, शेवटी रक्तात इन्फेक्शन. आणि फॉर्मवर काय, तर 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट', खालच्या ओळी कोऱ्या! अहो, हृदय आणि श्वास मरणाऱ्या प्रत्येकाचाच थांबतो. हार्ट फेल्युअर वगैरे लिहू नका, आजार लिहा, अशी सूचना त्याच फॉर्मवर छापलेली असते. नाईट ड्युटीच्या ज्युनियर डॉक्टरवर तरी किती चिडणार, त्याने पेशंट तासाभरापूर्वी पाहिलेला असतो आणि नातेवाईक बॉडी कधी देताय म्हणून डोक्यावर उभे.

अपघात, आत्महत्या किंवा संशय असला की पोलीस येतात, पंचनामा, पोस्टमॉर्टेम होतं, आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातल्या अवयवांचे नमुने, राखून ठेवला तर लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत कारण लटकलेलं, त्याच्यासोबत विम्याचा क्लेमही. पण तिथे निदान शोध तरी घेतात. साध्या आजारपणातल्या मरणाला कोणी विचारत नाही.

२०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरांनी कारण प्रमाणित केलेले जेमतेम २२.५ टक्के. त्यातही असले अरेस्ट भरलेले, मग शुगरने किती माणसं जातात हे सरकार कशाच्या जोरावर सांगणार?

या कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाच्या या सर्टिफिकेटची, म्हणजे डॉक्टरने भरलेल्या याच फॉर्मची, प्रत हॉस्पिटलने जवळच्या नातेवाईकाला द्यायची आहे. आम्हाला ती मागून मागून मिळाली, काउंटरवरच्या माणसाला हा नियमच माहीत नव्हता. वाचकांनी ती मागावी, वाचावी, कोऱ्या ओळी दिसल्या तर तिथल्या तिथे डॉक्टरांना विचारावं. आणि नुसता अरेस्ट लिहिलेला फॉर्म नोंदणी ऑफिसने सरळ हॉस्पिटलला परत पाठवावा, एवढं तरी महापालिकांना जमायला हरकत नाही.

– एक वाचक, पुणे