बाई, नेमकं काय मागू?

बाई, सलाम.

हे पत्र लिहायचं ठरवून तीन रविवार गेले. दर वेळी वाटतं, उपासना सुटल्यावर तुम्हाला गाठावं आणि तोंडीच सांगावं. तुम्ही समोर आलात की घसा दाटतो. पन्नाशी उलटलेला, मंडळीचा पंच म्हणवणारा माणूस चर्चच्या पायरीवर रडताना बरा दिसत नाही. म्हणून आता लिहूनच, आणि सगळ्यांदेखत.

मागच्या पावसाळ्यात ही पुण्याच्या दवाखान्यात 23 दिवस होती. ऑपरेशन, मग जखमेत पू, मग पुन्हा ऑपरेशन. बाकीचं तुम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवसांत प्रार्थनांची काही कमी नव्हती. मंडळीच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. रात्री बाकड्यावर बसून दुसरा उद्योग नसल्यानं मी ते हात मोजले: 64. त्यातले फोन किती आले ते लिहीत नाही, उगाच कुणाला लागायचं. एक धर्मसेवक मात्र जातीनं आले. कॉटजवळ उभे राहून त्यांनी वीस मिनिटं अशा खणखणीत आवाजात प्रार्थना केली, की शेजारच्या कॉटवरच्या आजी दचकून उठल्या. रात्रभर कण्हून त्यांचा नुकता कुठे डोळा लागला होता. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरात एखादं कबूल न केलेलं पाप आहे का, ते तपासा." मी मान डोलावली. त्यांच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या मान डोलावण्याचीच मला अजून जास्त लाज वाटते.

पण त्यांच्याकडे बोट दाखवून मी सुटत नाही. तीस वर्षं मी तरी वेगळं काय केलं? "प्रार्थनेत आठवण ठेवतो हं," म्हणायचं, गाडीला किक मारायची आणि पुढच्या चौकात विसरून जायचं. अंगावर धड कपडा नसलेल्या भावाला 'ऊब घे, पोटभर जेव' एवढंच सांगून वाटेला लावणाऱ्यांना बायबलात याकोबानं आपल्या पत्रात चांगलं फैलावर घेतलंय. त्या वचनावर मी दोनदा संदेश दिलाय, बाई. दोन्ही वेळा लोक म्हणाले, छान झाला.

आणि मग तुम्ही आलात. नगरहून सकाळच्या एसटीनं, एकट्या. खांद्याला ती कापडी पिशवी. मी म्हटलं, एवढा त्रास कशाला घेतलात, तर म्हणालात, "पंच्याहत्तरी झाली, आता एसटी तिकीट घेत नाही. मग घरी बसून काय करू?"

मला वाटलं, आता पवित्र शास्त्र उघडाल. तुम्ही पिशवी मांडीवर ठेवलीत आणि विचारलंत, "नेमकं काय मागू?"

मी म्हटलं, "हेच, की ती बरी व्हावी."

"ते तर आहेच रे. आज तिला काय होतंय?"

मला सांगता येईना. 11 दिवस मी दाराशी बसून होतो. ताप किती, सलाईन कितवी, बिल किती झालं, सगळं तोंडपाठ होतं. पण तिला आज काय होतंय हे मी तिला विचारलंच नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. "जा, विचारून ये," एवढंच म्हणालात, रविवारच्या शब्बाथशाळेत वचन विसरलेल्या पोराला परत जागेवर पाठवावं तसं.

ती म्हणाली, "पाठ भरून आलीय. आणि केस. आठ दिवस कुणी विंचरले नाहीत, डोक्यात सारखं टोचतं."

मी बाहेर येऊन तुम्हाला तसं सांगितलं. तुमच्या पिशवीतून खोबरेल तेलाची छोटी बाटली निघाली आणि फणी. तुम्ही तिच्या उशाशी बसलात, केसांची एकेक बट बोटांत धरून गुंता खालून वर सोडवत गेलात, मुळाला ओढ बसू न देता. एकीकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक पद गुणगुणत होतात. मध्येच गुणगुणणं थांबायचं आणि त्याच आवाजात, डोळे उघडे ठेवून, तुम्ही म्हणायचात, "बापा, हिची पाठ." पुन्हा फणी. "बापा, हिला आज झोप." पुन्हा फणी. आमेन कधी झालं ते कळलंसुद्धा नाही. वेणी घालून झाल्यावर भांगावर हात ठेवून म्हणालात, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो."

हे शब्द मी दर रविवारी ऐकतो, एक हात खिशातल्या किल्लीवर ठेवून. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या 6व्या अध्यायातले, याजक अहरोनाला शिकवलेले. 1979 साली यरुशलेमेत एका जुन्या थडग्यात चांदीच्या दोन चिमुकल्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांवर हेच शब्द कोरलेले होते, हे लहानपणी तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं. कुणीतरी ताइतासारखे गळ्यात घातले असतील, म्हणाला होतात. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं की तिथं 'तुम्हाला' नाही, 'तुला' आहे. अख्ख्या इस्राएलासाठीचा आशीर्वाद, पण बोलायचा एकेकाला.

नंतर घरी मी मार्काच्या शुभवर्तमानाचा 10वा अध्याय काढला. बार्तीमय आंधळा आहे, भर रस्त्यात ओरडतोय, त्याला काय हवंय हे यरीहोतल्या पोरासोरांनाही कळत असेल. तरी प्रभू थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? तुमचा प्रश्न तिथला होता तर.

त्या वॉर्डातल्या आयाबाईही मी विसरलेलो नाही. "आजी, वेळ संपली, उठा," म्हणून त्या खेकसल्या होत्या. आमच्यावर रोजच खेकसायच्या, आणि मीही मनात त्यांना रोज काहीबाही म्हणायचो. तुम्ही त्यांना घरी कोण कोण असतं ते विचारलंत. थोरला मुलगा दहावीला दुसऱ्यांदा बसलाय म्हणाल्या. "मी माझ्या देवाकडे त्याच्यासाठी मागितलं तर चालेल ना?" असं तुम्ही त्यांनाच विचारलंत. त्या हसल्या, "मागा की, कुठल्याही देवानं पास करू दे." दुसऱ्या दिवसापासून हिची चादर न सांगता बदलली जाऊ लागली. मी याला चमत्कार म्हणत नाही. तुम्हालाही ते आवडणार नाही.

ही आता घरी आहे. जिना चढताना दम लागतो, पण स्वयंपाकघराचा ताबा परत घेतलाय आणि मला तिथं उभं राहू देत नाही. केस मात्र अधूनमधून माझ्याकडून विंचरून घेते. मी वरून ओढतो, मग ओरडते, "बाईंसारखं, खालून!"

परवा कळलं, तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय आणि तुम्ही ते मंडळीत कुणाला कळू दिलं नाहीत. त्या दिवशी सकाळी सात वाजता मी दाराशी रिक्षा घेऊन उभा असेन, नको म्हणू नका. आदल्या रात्री प्रार्थनेला बसेन तेव्हा उगाच 'बाईंना बरं कर' एवढ्यावर उरकायचं नाहीये.

तेवढं कळवा. नेमकं काय मागू?