मेस्त्री, तो तुकडा अजून माझ्याकडे आहे

मेस्त्री, नमस्कार.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि मी मागच्या रांगेत समोसा खात बसलो. बोलायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे उघड पत्र. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, पण सूनबाई लालबागच्या त्या गॅलरीत बसून वाचून दाखवतील याची खात्री आहे.

आभार त्या एका रात्रीचे. वीजकेंद्रातल्या टर्बाइनचं ओव्हरहॉल, म्हणजे सगळं उघडून केलेली दुरुस्ती, संपत आलं होतं. मी नवखा, मुंबई ऑफिसातून साइटवर पाठवलेला, डोक्यावर कोरं हेल्मेट. बेअरिंगचा क्लिअरन्स, म्हणजे आतली फट, मोजताना फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या जुडग्याचं) सगळ्यात पातळ पातं, ०.०५ मिलिमीटरचं, मोडलं. मोडलं हे कळलं केव्हा? वरचा अर्धा भाग बसवून बोल्ट कसून झाल्यावर. सकाळपर्यंत मशीन बॅरिंगवर घ्यायचं, म्हणजे हळूहळू फिरवायला लावायचं होतं, वरून दर तासाला फोन येत होते. गेज मुठीत घट्ट धरून मी मनाशी हिशोब करत होतो, की नखाएवढा तुकडा, बाहेरच कुठेतरी पडला असेल.

हिशोब चुकीचा होता हे मलाही माहीत होतं. कित्येक टनांचा रोटर, टर्बाइनचा फिरणारा भाग, मिनिटाला ३००० फेरे घेतो तो तेलाच्या केसाएवढ्या थरावर तरंगत. खाली व्हाइट मेटल, शिशासारखा मऊ धातू. त्यात पोलादाचा तुकडा अडकला तर ओरखडा, मग तापमान, मग व्हायब्रेशन.

तुम्ही आलात आणि एवढंच म्हणालात, "साहेब, पाती उघडून दाखवा." चारचौघांत तुम्ही मला कायम साहेबच म्हणायचात. मी गेज उघडलं. तुम्ही ते अर्धं पातं पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि हळूच म्हणालात, "पोरा, सांगायचं तूच. मी बाजूला उभा राहतो."

खरं तर तुम्ही सगळं स्वतःवर घेऊ शकला असतात. तुमचं नाव असं होतं की "मला क्लिअरन्सचा संशय आहे" एवढं बोलला असतात तरी बेअरिंग उघडलं असतं आणि मी सुटलो असतो. तुम्ही सुटू दिलं नाहीत. शिव्या मी खाल्ल्या, भरपूर खाल्ल्या, आणि तेवढा वेळ तुम्ही माझ्या डाव्या हाताला उभे होतात, तंबाखूची पुडी खिशात तशीच ठेवून.

मग चेन ब्लॉक लावून वरचा अर्धा पुन्हा उचलला. चिंधी मागितली तर म्हणालात, "धागे सुटतात." उघड्या बोटाने तेलात चाचपत राहिलात, डोळे मिटून. सांध्याजवळ बोट थांबलं. तुकडा निघाला.

त्यानंतर कोराडी झालं, चंद्रपूर झालं. आता कव्हर बसवण्याआधी पोरांकडून फीलरची पाती उघडून घेतो. त्यांना वाटतं, साहेबाला जरा वेड आहे.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आईने विचारलं, "तुझंच काही बंद पडलं का रे?" तेवढ्यात तुमचा फोन. कसा आहेस वगैरे काही नाही, थेट, "मशीन बॅरिंगवर पडलं का बघ." मी म्हटलं, मेस्त्री, मी घरी आहे. "मग कुणाला तरी फोन कर!" तुम्हाला भीती गरम रोटरची. बंद पडल्यावर तो हळूहळू फिरवत ठेवला नाही तर वरची बाजू जास्त गरम राहते आणि शाफ्ट वाकतो. शहर अंधारात आणि तुम्हाला कुणाच्या तरी शाफ्टची काळजी. घरी आम्ही दिवसभर हसलो. संध्याकाळी मात्र मी खरंच एका मित्राला फोन करून विचारलं.

तो तुकडा तुम्ही काडेपेटीत घालून माझ्या हातात दिला होता. काडेपेटी कधीच फाटली, तुकडा माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. खंडेनवमीला हत्यारांसोबत त्यालाही हळद-कुंकू लागतं.

येत्या रविवारी लालबागला येतोय. गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते सांगा, टाळू नका. आणि चहाचे पैसे या वेळी मी देणार, त्यावर वाद नको.

तुमचा,
फीलर मोडणारा साहेब