रविवारी तिघांनी मिळून बघूया

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा आईने फोनवर विचारलं, "रात्री इतका वेळ जागून करतेस तरी काय?" फोनवर ते अर्धवटच सांगून झालं असतं, म्हणून लिहायला बसले. मी आपलं जुनं 'स्टार ट्रेक', ती अवकाशयानावरची अमेरिकन मालिका, पहिल्यापासून पुन्हा बघते आहे. तेच, यानाचा कप्तान कर्क, त्याचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मॅकॉयवालं. १९६६ ते १९६९ या काळात त्याचे ७९ भाग दाखवले गेले. माझ्या लहानपणी आपण त्यातले नेमके कोणते पाहिले, ते आता सांगता येणार नाही. पण बघताना तुम्ही दोघं काय बोलायचात, ते मात्र शब्दन् शब्द आठवतंय, याचं मलाच आश्चर्य वाटतं.

आई, आधी तुझं. डॉक्टर मॅकॉय रुग्णाच्या अंगावरून ती चकचकीत कांडी फिरवायचे, तेव्हा शिवणातून मान वर करून तू म्हणायचीस, "ही मिठाची बाटली दिसते." अगं, ती खरोखरच मिठाची बाटली होती! सगळ्यात आधी दाखवला गेलेला भाग मिठासाठी माणसं मारणाऱ्या प्राण्याचा होता. त्यासाठी जरा वेगळ्या घडणीच्या मिठाच्या बाटल्या आणल्या होत्या. पण या कसल्या बाटल्या आहेत ते प्रेक्षकांना कळणारच नाही असं वाटून त्या बाजूला ठेवल्या, आणि पुढे त्याच डॉक्टरांची हत्यारं झाल्या. कुणालाच ओळखू येणार नाही असं ज्यांना वाटलं होतं, त्यांनी तुला विचारायला हवं होतं.

आणि बाबा, माणसं ठिपक्याठिपक्यांनी विरून दुसऱ्या ग्रहावर उमटायची ना, ते तुम्ही मला हातवारे करून किती वेळ समजावत होतात! अणू सुटे कसे करायचे, पुन्हा जागच्या जागी कसे बसवायचे. ती कल्पना निघाली पैशांच्या अडचणीतून. दर आठवड्याला यान एखाद्या ग्रहावर उतरताना दाखवायचं म्हणजे खर्च परवडणार नव्हता, मग यान वरच ठेवलं आणि माणसांनाच खाली पाठवलं. ते चमचमते ठिपके म्हणजे उजेडात सोडलेली चमकदार पूड. यानाचं मोठं मॉडेल अकरा फुटांचं होतं. त्याच्या डाव्या अंगाने दिव्यांच्या तारा आत जायच्या, म्हणून ते बहुतेक वेळा उजव्या बाजूनेच दाखवायचे. आता यान दिसलं की माझं आधी तिकडेच लक्ष जातं. २००६ पासून संगणकावर नवी दृश्यं घालून हे सगळे भाग पुन्हा काढले. ती आवृत्ती मी बघितली आणि बंद केली. दिसायला देखणी आहे, पण मला ती पूड हवी आहे, ते मॉडेल हवं आहे. एवढ्याशा साधनांत इतकं मोठं आकाश उभं करणाऱ्या माणसांबद्दल मला आता लहानपणापेक्षाही जास्त प्रेम वाटतं.

सगळं तितकंच चांगलं वाटतं असं नाही. मारामाऱ्या फार लांबतात, बऱ्याच भागांत बायकांच्या वाट्याला घाबरण्यापलीकडे काही येत नाही, आणि तिसऱ्या वर्षी पैसे कमी केले होते ते जाणवतं. पण यानावरचे संदेश सांभाळणारी कृष्णवर्णीय अधिकारी उहुरा दिसली की मी आजही सावरून बसते. दोऱ्याचं रिकामं रीळ कानाला लावून मी तिच्यासारखी बसायचे, आठवतं? ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडायला निघाल्या होत्या. त्यांना थांबायला सांगितलं ते मार्टिन ल्यूथर किंग यांनी. आणि उहुराला बघत मोठी झालेली कृष्णवर्णीय अंतराळवीर मे जेमिसन १९९२ मध्ये खरोखरच्या अवकाशात जाऊन आली.

पण हे पत्र लिहायचं खरं कारण एकच भाग आहे. खाणीतला. दगडासारखा एक प्राणी खाणकामगारांना मारत सुटतो आणि सगळे त्याला संपवायला निघतात. प्राणी म्हणजे रबराच्या झुलीखाली रांगणारा माणूस, हे आता लगेच कळतं. मग एरवी तर्कानेच चालणारा, पण स्पर्शाने दुसऱ्याचं मन जाणू शकणारा स्पॉक त्याच्या अंगावर हात ठेवतो आणि वेदनेने ओरडतो. तो प्राणी आई असतो. निरुपयोगी दगडी गोळे समजून कामगारांनी जी फोडून टाकली, ती तिची अंडी होती. त्या क्षणी आई, तू सुई टोचून ठेवलीस आणि शिवण मांडीवर घेऊन नुसती बघत राहिलीस. मी पडद्यापेक्षा तुझ्याकडेच जास्त बघत होते. राक्षस समजून ज्याला मारायचं, त्याचीही एक बाजू असते आणि ती आधी विचारायची असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

या भागाचं चित्रीकरण चालू असतानाच, कर्क झालेल्या विल्यम शॅटनर यांना वडील गेल्याचा निरोप आला. विमानाला वेळ होता. काम थांबवूया असं लोक म्हणत असतानाही त्यांनी हातातलं दृश्य पूर्ण करायचं ठरवलं, आणि स्पॉक झालेले लेनर्ड निमॉय त्यांच्याजवळून हलले नाहीत. हे वाचल्यावर मी तो भाग पुन्हा लावला आणि फक्त शॅटनर यांचा चेहरा बघत बसले. नंतर झोप लागली नाही. हे सगळं मी एकटीने का बघते आहे, असंच सारखं वाटत राहिलं. ज्यांच्याबरोबर बघितलं, ती दोघं एका फोनच्या अंतरावर आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की दर रविवारी सकाळी आपण तिघांनी एकाच वेळी एक भाग लावायचा आणि फोन चालू ठेवायचा. बाबांना हल्ली संवाद नीट ऐकू येत नाहीत. खाली मोठ्या अक्षरांत ते कसे उमटवायचे ते मी शनिवारी फोनवर सांगेन. दोन-तीन बटणांचं काम आहे. आईचे डोळे दमले तर मध्येच थांबवायचं, उरलेला भाग पुढच्या रविवारी. घाई कसलीच नाही. सुरुवात खाणीतल्या भागापासून करूया.

आणि बाबा, एक जुना प्रश्न राहिला आहे. स्पॉकला त्या आईचं दुःख डोक्याने कळलं की मनाने, असं मी तेव्हा विचारलं होतं आणि "विचार करून सांगतो" म्हणून तुम्ही अंघोळीला गेलात. या वेळी उत्तर मिळाल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.

तुमची,
धाकटी