प्रेमाताई, त्या एका एकराबद्दल आभार

आदरणीय प्रेमाताई गोपालन यांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही २०२२ साली गेलात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. तुमच्याबद्दल बोलताना लोक पुरस्कारांपासून सुरुवात करतात. २०१६ साली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या तुमच्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, २०१८ साली तुम्ही देशातल्या ‘सोशल आंत्रप्रेन्योर ऑफ द इयर’ ठरलात. आम्हाला अभिमान आहेच. पण मला आभार मानायचेत ते एका एकरासाठी.

खुरपण, वेचणी, रास, सगळ्यात आम्ही बायका पुढे. पण काय पेरायचं ते कधी कुणी आम्हाला विचारलं नाही. तुमच्या संस्थेच्या कार्यकर्त्या बैठकीत सांगायच्या, सगळं रान मागू नका. एकच एकर मागा, नाहीच जमलं तर अर्धा. त्यात काय लावायचं ते तुम्ही ठरवा, आधी घरच्या ताटापुरतं पिकवा आणि उरलं तर बाजारात न्या.

आमच्या घरी यावरून रामायण झालं. शेवटी मामंजींनी ओढ्याकडचा मुरमाड तुकडा दिला, जिथं सोयाबीनसुद्धा धड येत नव्हतं. बहुतेकींना असलंच रान मिळालं. काळं रान बाईच्या हाती कोण देतो!

ते दिवस दुष्काळाचे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. सोयाबीन गेलं की हातात पैसा नाही आणि घरात दाणाही नाही, कारण ज्वारी, मूग, उडीद केव्हाच मागं पडले होते. शेतकऱ्याच्या घरात मेथीची जुडी विकत यायची. त्या मुरमाड तुकड्यात मी तूर, मूग, उडीद मिसळून पेरले, कडेनं गवार, भेंडी आणि दोडक्याचे वेल लावले. शेणखत, गांडूळखत घरचंच. फवारणीला दशपर्णी अर्क. कडुनिंब, निरगुडी, सीताफळ, रुई, करंज असला पाला शेण-गोमूत्रात महिनाभर कुजवायचा. पिंप उघडलं की सासूबाई पदर नाकाला लावून अंगणातून पळायच्या. पण औषधाच्या दुकानातली उधारी थांबली, हे त्यांनीच आधी बोलून दाखवलं.

२०२० च्या टाळेबंदीत आठवडी बाजार बंद झाला, तेव्हा आमच्या घरात डाळ होती, भाजी होती. शेजारीपाजारीही दिली.

एक मात्र भाषणांत कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. या शेतीत कष्ट जास्त आहेत आणि ते बाईच्याच अंगावर पडतात. तणनाशक मारायचं नाही म्हटलं की खुरपं आलंच. वर रानडुकरं. तरी मी ती सोडणार नाही. काय पिकवायचं आणि काय विकायचं, हे त्या एकरात मी ठरवते आणि त्याचे पैसे माझ्या हातात येतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तुम्ही या भागात आलात, असं जुन्या सख्या सांगतात. पडकी घरं उभी करताना तुम्ही गावातल्या बायकांनाच ‘संवाद सहायक’ केलंत. माहिती त्यांनी द्यायची, कामावर नजर त्यांनीच ठेवायची. मदत घेणारी बाई कारभार बघायला लागली. पुढं शेतीतही तुम्ही तेच केलंत. फुकट बियाणं वाटून निघून गेला असता, तर पुढच्या वर्षी आम्ही परत रांगेत उभ्या असतो.

आता मामंजींनी विहिरीजवळचं रानही माझ्याकडं दिलंय, अर्थात कुरकुरतच. सातबारा अजून यजमानांच्या नावावर आहे. माझंही नाव लावायचं घरात ठरलंय आणि तलाठ्याकडं द्यायचे कागद मी गोळा करतेय.

तुमची,
तुळजापूर तालुक्यातली एक सखी